पिंपरण

शेळगावच्या अलीकडं दोन किलोमीटरवर रेश्मानं स्कूटीचा ब्रेक इतका करकचून दाबला, की मागून येणारा दुधाचा टेम्पो तिला चाटूनच गेला. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडला. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती रस्त्याकडेच्या झाडाकडं बघत होती.

मे महिन्यातली दुपार. वारा पडलेला. शेजारच्या रानातलं उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. आणि ते झाड मात्र बुडख्यापासून शेंड्यापर्यंत थरथरत होतं. एकेक पान आपल्या देठावर वेगवेगळं नाचत होतं आणि सगळ्यांची मिळून एक सळसळ चालली होती.

बुंध्यावर पिवळ्या रंगात २३७ हा आकडा होता. तो रेश्मानंच घातलेला. आकड्याच्या वर आता तोडायची लाल फुली होती. ती तिनं मारलेली नव्हती, पण तिच्याच यादीवरून मारलेली होती.

स्कूटी लावून ती झाडाखाली गेली. खालच्या फांदीचं एक पान ओढून तिनं तळहातावर घेतलं. काळजाच्या आकाराचं, तुकतुकीत, आणि टोकाला बोटभर लांब निमुळतं शेपूट. पाचवीतलं पोरही ओळखेल असा पिंपळ. तिनं पिशवीतून यादी काढली. अनुक्रमांक २३७. प्रचलित नाव : पिंपरण.

पिंपरण ही पिंपळाच्याच गोतावळ्यातली. लांबून तशीच वाटते, पण तिच्या पानाला असं शेपूट नसतं आणि बिनवाऱ्याचं ती असं नाचत नाही. रेश्मानं बारामतीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलेलं. हा फरक ती झोपेतही सांगू शकली असती.

त्याचं असं झालं होतं. शेळगावकडं जाणारा रस्ता रुंद करायचा होता आणि त्याआधी दोन्ही कडेच्या झाडांची मोजणी करायचं काम रेश्माला मिळालं होतं. तिचं पहिलंच काम. नऊ दिवसांत सहाशे चौदा झाडं. प्रत्येकाचा घेर, उंची, प्रचलित नाव, शास्त्रीय नाव. गावांनी आधीच अट घातली होती, की वड, पिंपळ आणि उंबर तोडायचे नाहीत. मध्ये आलेच तर रस्ता दुसऱ्या अंगाला सरकवायचा. त्यामुळं नावाच्या रकान्यावर बरंच काही अवलंबून होतं आणि ते रेश्माला पक्कं माहीत होतं.

मोजणी झाली फेब्रुवारीअखेर. २३७ नंबरचं झाड तेव्हा उघडंबोडकं उभं होतं, फांद्यांवर एक पान नव्हतं. पिंपळच असावा असं तिला वाटलं होतं. पण समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, दगडाबाई तिचं नाव, आणि रेश्मानं सहज विचारलं, "आजी, पिंपळच ना हा?"

"न्हाय गं बाई. पिंपरण हाय ही," म्हातारी ठासून म्हणाली.

ज्यांच्या दारात झाड आहे त्यांना जास्त ठाऊक, असं म्हणून रेश्मानं लिहून टाकलं. दिवस कलत होता आणि तिची अजून तीस झाडं राहिली होती. बुंध्याशी वाळल्या पानांचा ढीग पडला होता. वाकून त्यातलं एक पान उचललं असतं तरी पुरे होतं. ती वाकली नव्हती.

आता यादी मंजूर झाली होती आणि तोड सोमवारपासून याच टप्प्यात सुरू होणार होती. आज गुरुवार.

रेश्मा तशीच इंदापूरला गेली. रस्त्याच्या कामावरचे साहेब, बापूसाहेब, टेबलावर नकाशा पसरून बसले होते. पन्नाशीचा, शांत माणूस. तिला हे काम त्यांनीच दिलं होतं. त्यांनी पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि नकाशावर ठेवलं.

"बसा आधी."

"नको साहेब. दोनशे सदतीस नंबरला माझी चूक झालीय. पिंपळ आहे तो."

"बसा म्हणतो मी." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. बापूसाहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "हे झाड. झाड ठेवायचं तर रस्ता बारा फूट डावीकडं सरकतो. डावीकडं काय आहे? त्याच म्हातारीचा गोठा. चांगला पक्का, पत्र्याचा. उजवीकडं कालवा आहे, तिकडं जाता येत नाही. म्हणजे झाड राहिलं की गोठा जातो."

गोठ्याचं रेश्माच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि दुसरं," बापूसाहेब आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही एक नाव दुरुस्त केलंत, की वरचे लोक विचारणार, बाकीची सहाशे तेरा बरोबर कशावरून? पुढच्या दोन रस्त्यांसाठी तुमचं नाव मी सुचवलंय. ते राहील असं मी सांगू शकत नाही. अर्ज द्यायचा तर द्या, मी अडवणार नाही. पण दोन दिवस विचार करा."

पान त्यांच्या टेबलावरच राहिलं. वडगाव निंबाळकरला घरी पोचेपर्यंत रेश्मा तीनदा थांबली. एकदा पाणी प्यायला, एकदा फोन बघायला आणि एकदा पिंपळी गावाजवळ उगाचच. घरी आईनं धारा काढून आणल्या होत्या. चहा ठेवला, तो निवून गेला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला.

"पोटात दुखतंय का गं तुज्या?" आईनं विचारलं. "सारखी आत-बाहेर करतीयास."

"न्हाय आई. कामाचं हाय."

ती ओसरीवर बसून मोजणीचे फोटो एकेक करून बघायला लागली. बोटांनी मोठे करायची, पुन्हा लहान करायची. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एकट्या पिंपरणीचंच हे नाही. पानगळीचे दिवस होते. जिथं झाड उघडं होतं तिथं तिनं कुणाला तरी विचारून नाव घातलं होतं. रस्त्यानं जाणारा मेंढका, टपरीवरचा माणूस, भाजी काढणाऱ्या बायका. अशी झाडं मोजली तर एक्केचाळीस भरली.

शुक्रवारी उजाडताच ती निघाली. एक्केचाळीस झाडं पुन्हा बघायची, एवढंच डोक्यात होतं. उन्हानं डांबर वितळत होतं. चाकाला चिकटत होतं. ती झाडापाशी उतरायची, पान तोडायची, साल बघायची, यादीवर खूण करायची आणि पुन्हा गाडीवर बसायची. शनिवारी दुपारपर्यंत तिचं काम आटपलं. अडतीस बरोबर निघाली. दोन चुकली होती, पण त्यांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती झाडं तशीही तुटणारच होती. उरलं ते दोनशे सदतीस.

खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिची घालमेल वाढली. दहा-बारा चुका निघाल्या असत्या, तर अर्ज देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता अडचणीची एकच चूक होती आणि ती तिला व बापूसाहेबांना सोडून कुणाला माहीत नव्हती. सोमवारी संध्याकाळपर्यंत झाडच राहणार नव्हतं. मग कोण पान बघणार? गोठाही वाचला असता. असा विचार मनात आला आणि तो इतका सोपा वाटला, की तिला स्वतःचीच भीती वाटली. मग दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. आपल्याला झाड वाचवायचंय, की आपण खोटं लिहिलं हे सलतंय म्हणून दुसऱ्याचा गोठा पाडायचाय?

रविवारी सकाळी ती दगडाबाईकडं गेली.

म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पण हात भराभर चालत होते. तिचा मुलगा जोतीराम गोठ्यात कडबा तोडत होता. सहा गायी होत्या, दोन कालवडी. रेश्मानं काही लपवलं नाही. आपण काय लिहिलं, का लिहिलं, आणि ते दुरुस्त केलं तर गोठा जाईल हेही तिनं सांगून टाकलं.

जोतीराम हातातला कोयता तसाच घेऊन बाहेर आला.

"म्हंजे मॅडम, तुमी आदी पिंपरण लिवलं. आता पिंपळ लिवणार. आन परवा आनखी काय लिवणार?"

"चूक झाली माझी."

"तुमची चूक, आन गोठा आमचा!" तो म्हणाला. "माज्या वडलांनी बांधलेला हाय त्यो. ह्या जनावरांवर घर चालतंय आमचं. मी काय रस्त्यावं बांधू त्यास्नी? तुमाला कुणी सांगितलं व्हतं का, या आन बघा म्हनून? लिवलं ते लिवलं. जाऊ द्या की झाड!"

रेश्मा दगडाबाईकडं वळली. "आजी, तुम्ही मला पिंपरण का सांगितलंत? खरंच तसं वाटत होतं तुम्हाला?"

म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या.

"मी पिंपळीची हाय पोरी. बारामतीजवळची पिंपळी. आमच्या गावचं नावच त्ये. मला पिंपळ कळंना व्हय?"

जोतीराम कोयता खाली ठेवून आईकडं बघत राहिला.

"माहेरी आमच्या मळ्यात बी पिंपळ व्हता," ती सांगायला लागली. "त्यावर मुंजा हाय म्हनायची समदी. माजा धाकला भाऊ, सात वर्साचा, खेळता खेळता त्याच्याखाली झोपला आन तापानं फणफणला. तीन दिसांत गेला. तवापासनं पिंपळाची सळसळ कानावं आली की माजं हातपाय गार पडायचं. लगीन होऊन हितं आले, तवा पंध्रा वर्साची असंन. आन बघते तर दारातच त्येच झाड, पानं झडल्यालं! मी उंबऱ्याच्या आत येईना. समदी वऱ्हाडी खोळंबली. मग मामंजी बाहीर आलं."

"सावळाराम आबा," जोतीराम हळूच म्हणाला. "माजे आजोबा."

"त्यांनी माज्या डोस्क्यावं हात ठिवला. म्हनले, पोरी, ह्यो पिंपळ न्हवं. ही पिंपरण हाय. हिच्यावं मुंजा बिंजा काय ऱ्हात न्हाय. आन घरात समद्यांस्नी ताकीद दिली, आजपासनं ह्या झाडाला कुणी पिंपळ म्हनायचं न्हाय. गडीमाणसांनी बी न्हाय. चैतात झाडावं पानं आली तवा मी वळखलंच की. पर एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्या शब्दावं भांडणं मिटायची, त्यो माज्यासारक्या पोरीसाठनं खोटं बोलला. त्याला मी खोटं कसं पाडू? म्या बी पिंपरणच म्हनाया लागले. पुढं भ्या मोडलं. मामंजी गेलं, मालक गेलं. नाव तेवढं तोंडात बसलं."

"मला कधी सांगितलं न्हाईस, आई," जोतीराम म्हणाला. "मी पन्नाशीला आलो, आन मला ही पिंपरणच वाटतीया."

"तू कवा इचारलंस?"

डोक्यावर पानं वाजत होती. मग जोतीरामनं कोयता उचलला आणि "गोठा पाडू द्येनार न्हाय," एवढं बोलून तो आत गेला. दगडाबाई पुन्हा शेंगा फोडायला लागली. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रेश्मानं निघताना पाया पडायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, "तुजं काय ते तू कर बाई. मला इचारून करू नगंस."

घरी येऊन रेश्मानं अर्ज लिहिला. चार ओळींचा अर्ज, पण सहा कागद फाडले. पहिल्या कागदावर तिनं लिहिलं होतं, की स्थानिक रहिवाशांनी चुकीची माहिती दिल्यामुळे. ते तिनं खोडलं. शेवटच्या कागदावर आलं, की झाड निष्पर्ण असताना मी खात्री न करता नाव लिहिले, ही चूक माझी आहे. झाडाचे आणि पानाचे फोटो जोडून तिनं तो दिवस मावळायच्या आत बापूसाहेबांच्या फोनवर पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता ती शेळगावच्या रस्त्यावर होती. यंत्राची करवत लांबूनच ऐकू येत होती. झाड तोडणारा बिरू वर चढलेला आणि रस्त्याकडची एक मोठी फांदी खाली आलेली. फांदीवरची पानं अजून हलत होती.

"थांबवा!" रेश्मा खालून ओरडली. "बिरू दादा, थांबवा! हा पिंपळ आहे!"

बिरूनं यंत्र बंद केलं. "दिसतंय की मला बी, मॅडम. मी काय आंधळा हाय? पर कागदावं पिंपरण हाय. आमी कागद बघून तोडतो. तुमीच लिवलाय म्हनं कागद."

"मीच लिहिलाय. मीच सांगतेय, थांबवा."

"सायबांचा फोन आला तर थांबतो. न्हायतर माजी रोजची झाडं पुरी व्हनार न्हाईत."

रेश्मानं बापूसाहेबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बिरूनं दोरी ओढून यंत्र चालू केलं. ती बुंध्याला जाऊन चिकटून उभी राहिली. मग तिचं तिलाच ते नाटकी वाटलं, ती बाजूला झाली. फांदीच्या नेमकी खाली येऊन पुन्हा उभी राहिली. बिरूनं शिवी हासडली आणि यंत्र बंद केलं. असं दोनदा झालं. रस्त्यावर माणसं थांबायला लागली. जोतीराम गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. तो पुढंही आला नाही, मागंही गेला नाही.

साडेआठला बापूसाहेबांची जीप आली. त्यांच्या हातात रेश्माच्या अर्जाची छापील प्रत होती. त्यांनी झाडाला एक फेरी मारली, तुटलेल्या फांदीची पानं बघितली, बिरूला खाली यायला सांगितलं आणि बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला.

"घरच्या मालकीणबाईंना बोलवा. मोजणीच्या वेळी नाव त्यांनी सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं लिहावं लागेल."

दगडाबाई पदर सावरत आली. बापूसाहेबांनी विचारलं, "आजी, ह्या झाडाला काय म्हणतात?"

म्हातारी वर बघत राहिली. रेश्माला वाटलं, ही आता सवयीनं तेच म्हणणार आणि सगळं संपणार.

"पिंपळ," दगडाबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक आला. मग घसा साफ करून ती मोठ्यानं म्हणाली, "पिंपळ हाय. लिवा."

"मग तेव्हा पिंपरण का सांगितलंत?"

"सव लागल्याली जिभंला."

"आजी, गोठ्याचं माहीत आहे ना तुम्हाला?"

"हाय म्हायीत." तिनं मान वळवली. "जोत्या, गोठा हिरीच्या अंगाला घालू. जनावरं काय, उचलून दुसरीकडं बांधता येत्यात."

जोतीराम आत निघून गेला. बापूसाहेबांनी लिहिलं, म्हातारीचा अंगठा घेतला, रेश्माची सही घेतली. बिरूनं फांदी ओढून कडेला टाकली आणि तो पुढच्या झाडाकडं गेला.

त्यानंतर बापूसाहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. संपूर्ण यादी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतली गेली. सहाशे चौदातली अकरा नावं चुकलेली निघाली. रेश्माला तिच्या फेरीत तीनच सापडली होती. अकरातली दोन तिला आजही पटत नाहीत, पण बाकीची पटली. पुढच्या दोन रस्त्यांची मोजणी तिला मिळाली नाही. एका रोपवाटिकेत ती कामाला लागली. तिथं सकाळपासून डाळिंबाच्या कलमांना चिठ्ठ्या बांधायच्या असत. प्रत्येक चिठ्ठी ती दोनदा वाचायची. मालक हसायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोठा पाडताहेत असं तिला कळलं. सुट्टी टाकून ती शेळगावला गेली. जावं की नाही हे तिला वाटेत कळत नव्हतं. पोचल्यावरही कळलं नाही. गायी विहिरीकडच्या नव्या दावणीला बांधलेल्या होत्या, दगडाबाई त्यांच्यापुढं वैरण टाकत होती. जोतीराम एकटाच शिडीवर चढून पत्र्याचे बोल्ट सोडवत होता. त्यानं रेश्माला बघितलं आणि पुन्हा पान्याकडं मान घातली.

ती उन्हात उभी राहिली. दोन बोल्ट निघाले, तिसरा गंजलेला होता, त्याला वेळ लागला.

"नुसत्या उभ्या काय ऱ्हायलाय?" जोतीराम वरून म्हणाला. "त्या टोकाला धरा. पत्रा कापतोय, हाताला फडकं गुंडाळा."

रेश्मानं ओढणी काढून दोन्ही हातांना गुंडाळली आणि पत्र्याचं टोक धरलं. पत्रा तापलेला होता, कापडातूनही चटका बसत होता. दोघांनी मिळून तो हळूहळू खाली उतरवला, भिंतीला टेकवून ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला जोतीराम म्हणाला, "जरा उजवीकडं घ्या," आणि तिनं घेतला. एकूण बावीस पत्रे होते. दुपारपर्यंत सगळे उतरले.